तिथीची पाऊणपट

विज्ञानाच्या तासाला सणवार, रूढी, आजीबाईचा बटवा यांतलं काहीही आणायचं नाही, हा माझा नियम होता. गिरगावातल्या मराठी शाळेत नोकरीला लागल्यापासून मी तो पाळला आणि नव्या शिक्षकांनाही पाळायला लावला. आता मी तो पाळत नाही. निवृत्तीनंतर जिथे शिकवायला जाते तिथे पहिल्याच दिवशी मुलांना सांगते, घरच्या मोठ्यांकडून एखादा जुना नियम विचारून या. जुन्या सहकाऱ्यांना हे खटकतं. "बाई, तुम्हीपण त्या परंपरावाल्यांच्या गटात गेलात का?" असं एकीने सरळ विचारलं. त्या गटात मी गेलेली नाही. पण जिथे होते तिथेही राहिलेली नाही, म्हणून हे मनोगत.

आधी जुन्या नियमाची बाजू मांडते, कारण त्यामागची भीती मला अजूनही रास्त वाटते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. दुसऱ्या दिवशी मी वर्गात वाटीभर दूध, चमचा आणि ओला दगड घेऊन गेले आणि पृष्ठताण शिकवला. दूध दगडाला चिकटून पातळ थराने खाली ओघळतं हे सगळ्यांनी पाहिलं. तास संपल्यावर एक मुलगी हळूच म्हणाली, "पण बाई, आमच्या घरचा खरंच प्यायला." त्यानंतरच्या वर्षांत 'आपल्या परंपरेतील विज्ञान' या मथळ्याचे तक्ते शाळाशाळांतून दिसू लागले. तुळस रात्रीही प्राणवायू सोडते, असं त्यातल्या एकावर सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. प्रकाशसंश्लेषणाला प्रकाश लागतो हे त्याच मजल्यावरच्या वर्गात मी शिकवत होते.

मग जानेवारी २०१५ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचं अधिवेशन मुंबई विद्यापीठात भरलं आणि तिथे प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. स्टाफरूममध्ये शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघालं. त्यांनी १८९५ साली आपल्याच चौपाटीवर विमान उडवलं, असं सांगतात. त्या उड्डाणाची त्या काळातली भरवशाची नोंद नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला दिला जातो तो ग्रंथ विसाव्या शतकात तयार झालेला आहे आणि त्यात वर्णन केलेली विमानं उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ सालीच दाखवून दिलं आहे. हे मी स्टाफरूममध्ये सांगितलं. ऐकून घेणारे थोडे होते. परंपरेला वर्गात एकदा पाय ठेवू दिला की पुढे काय काय आत येईल याचा नेम नाही, हे माझं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

आमची शाळा चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी भरती-ओहोटी मी फळ्यावरच शिकवत असे. मधोमध पृथ्वी, एका बाजूला चंद्र, पृथ्वीच्या दोन बाजूंना फुगलेलं पाणी. असा एक तास चालू असताना मागच्या बाकावरच्या, मूळ मालवणकडच्या, एका मुलाने विचारलं, "बाई, आज तिथी काय?" माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. तो उभा राहून सांगू लागला. त्याचे आजोबा तिथीची पाऊणपट करतात, की पुऱ्या भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती. अष्टमीला सहा. वद्य पक्षातही हाच हिशोब, पुन्हा प्रतिपदेपासून. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी.

पंचांग घरी ठेव, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही, कारण त्याचं गणित मला तिथल्या तिथे, सगळ्या वर्गादेखत खोडून काढायचं होतं. खडू घेतला आणि मांडत गेले. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबर डोक्यावर येतो. पुढे रोज उशिरा येत येत पंधरा तिथींनी, म्हणजे पौर्णिमेला, तो बरोबर बारा तास मागे पडलेला असतो. बारा तास भागिले पंधरा तिथी, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. ४८ मिनिटं म्हणजे तासाचा चार-पंचमांश. आजोबा म्हणत होते तीन-चतुर्थांश, म्हणजे ४५ मिनिटं. फरक तिथीमागे तीन मिनिटांचा! मी फळ्यापाशी थांबले. नियम खोडून निघत नव्हता आणि नेमकाही ठरत नव्हता. तो किती चुकतो हे मोजल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मोजायचं तर समुद्रावर जायला हवं होतं.

तसे आम्ही गेलो. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर, पालकांना बरोबर घेऊन. पाणी जिथवर चढतं तिथे दर पंधरा मिनिटांनी वाळूत काठी रोवायची आणि काठ्या कधी पुढे सरकायच्या थांबतात ते पाहायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण एक लाट दोन हात पुढे येते आणि पुढची तिथवर पोचतच नाही. मग दहा लाटांतली सगळ्यात पुढची धरायची, असं मुलांनीच ठरवलं. एवढं करूनही पुऱ्या भरतीची वेळ पाव तासाच्या आत ठरत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मोजमापातली अनिश्चितता हा शब्द मी वर्षानुवर्षं लिहून देत होते. तो कुणी न समजावता मुलांना कळलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. उरलेल्या दिवसांसाठी आम्ही भरतीची छापील वेळापत्रकं वापरली. ती कुठून येतात या प्रश्नावरून अपोलो बंदरच्या भरतीमापकाचा विषय निघाला. त्याच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. समुद्राच्या पातळीची इतकी लांब नोंदवही आपल्या शहरात आहे हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

आलेखकागदावर एका अक्षावर तिथी, दुसऱ्यावर वेळ. आजोबांच्या नियमाची सरळ रेघ आणि तिच्या आजूबाजूला खऱ्या वेळांचे ठिपके. काही दिवशी ठिपका रेघेला चिकटलेला, काही दिवशी चांगला लांब. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरतीचा रोजचा उशीर कमी होतो आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, वाढतो, म्हणून ठिपके सरळ रेघेत बसत नाहीत. ही सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीची गोष्ट पाठ्यपुस्तकात आहेच. पण ती समजून घ्यायची गरज मुलांना इथे पडली.

मग एका मुलीने हात वर केला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदा, एकाची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. मधला फरक दीड तासाचा! बाकीच्या दिवशी पाऊण तास आणि याच दिवशी दीड तास कसा? प्रश्न अचूक होता. दर तिथीला तीन मिनिटं कमी धरत गेलं की पंधरा तिथींत पाऊण तास साठतो आणि पौर्णिमा किंवा अमावास्या ओलांडताना तो एकदम भरून काढावा लागतो. नियमातली त्रुटी तिने वर्गात बसून, समुद्राकडे न बघता शोधली होती. मी तिला म्हटलं, ज्यांनी नियम केला त्यांनी चार-पंचमांश का घेतला नसेल? मला सुचलेलं उत्तर असं, की जुन्या पिढ्या पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करायच्या. चार-पंचमांशाचा पाढा कुणाला येत नव्हता. होडी बाहेर काढणाऱ्याला पाऊणकी पुरेशी होती आणि थोड्या चुकीने त्याचं काही अडत नव्हतं. हा माझा तर्क आहे आणि मुलांनाही मी तो तर्क म्हणूनच सांगितला.

याच किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी आता माझ्यासमोर होत्या. तळपद्यांचं विमान आणि तिथीची पाऊणपट. दोन्ही जुन्या, दोन्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलेल्या. पहिलीत तपासण्यासारखं काही उरलेलं नाही. ती मानायची किंवा सोडून द्यायची. दुसरी रोज दोनदा तपासता येते, आणि चुकली तर नेमकी किती चुकली ते मिनिटांत सांगता येतं. दोघींनाही परंपरा म्हणून मी एकाच दाराबाहेर उभं केलं होतं. ते बरोबर नाही, हे मला या आलेखाने पटवलं. माझ्या जुन्या नियमात परंपरा आणि विज्ञान अशी विभागणी होती. ती पुसून मी दुसरी केली. जे तपासता येतं ते आत, मग ते कुणाच्याही तोंडून आलेलं असो. जे तपासता येत नाही त्याला विज्ञानाच्या तासात जागा नाही, मग ते कितीही अभिमानाचं असो.

तपासून खोटी ठरणारी परंपरा तर मला आता जास्त हवीशी वाटते. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, असं घरोघरी सांगतात. गच्चीवर एक मीटरची काठी उभी करून डिसेंबर-जानेवारीत तिची मध्यान्हीची सावली मोजा. मुंबईच्या अक्षांशावर २२ डिसेंबरच्या सुमारास ती साधारण ९१ सेंटिमीटर भरते. ही वर्षातली सगळ्यात लांब. १४ जानेवारीपर्यंत ती ८५ च्या आसपास आलेली असते. म्हणजे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच सूर्य उत्तरेकडे वळलेला असतो. ही मोजणी करताना आणखी एक मौज होते. बाराच्या ठोक्याला सावली सगळ्यात आखूड नसतेच, ती साडेबारानंतर होते. कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७३ च्या जवळ. मुंबईची स्वतःची, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत या शहरात चालत होती, हे ऐकून मुलं चकित होतात.

मग संक्रांत मागे का राहिली? पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. आपलं पंचांग तारे धरून चालतं, ऋतू सूर्याच्या वळण्यावर चालतात आणि दोघांत साधारण ७१-७२ वर्षांनी एका दिवसाचं अंतर पडतं. उलटं मोजलं तर सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच वेळी येत होते. म्हणजे ज्यांनी हे सांगितलं त्यांनी आकाश पाहून सांगितलं होतं. पुढच्यांनी आकाश पाहणं सोडलं आणि वाक्य ठेवलं. मुलं घरी जाऊन हे सांगतात तेव्हा एखाद्या घरी वादही होतो. एका आजींनी मला निरोप पाठवला, "आमचा तिळगूळ काही बावीस डिसेंबरला होणार नाही." मी उलट निरोप पाठवला की तिळगुळाला माझी हरकत नाही.

हा बदल झाला तरी परंपरा म्हणजे पंचांग, एवढाच अर्थ मी धरून चालले होते. पुढे लालबाग-परळच्या मुलांना शिकवताना तोही सुटला. त्या मुलांच्या घरात श्लोक नव्हते, काम होतं. एकीचे आजोबा गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावरचे कामगार, होते. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली. कोरड्या हवेत धागा फार तुटायचा, म्हणून खात्यात हवा दमट ठेवायचे, असं ते सांगत. आम्ही सुती धाग्याला वजनं टांगून पाहिली, आधी कोरड्या आणि मग ओल्या. ओला धागा जास्त वजन पेलतो. कापडगिरण्यांना मुंबईची दमट हवा का मानवली असेल, हा प्रश्न त्या मुलीला इतिहासाच्या पुस्तकाआधी आजोबांनी दिला होता.

एका मुलाचे वडील गणपतीच्या कारखान्यात. प्लास्टर कालवलं की हाताला गरम लागतं, हे त्याला पाठ्यपुस्तक उघडण्याआधीच माहीत होतं. आम्ही कालवलेल्या प्लास्टरमध्ये तापमापी धरली आणि पारा चढताना पाहिला. पाणी घेऊन प्लास्टरचं पुन्हा जिप्सम होतं आणि त्यात उष्णता बाहेर पडते. घट्ट होताना ते किंचित फुगतं, म्हणून साच्यातला बारीक तपशीलही उतरतो. शाडूचं उलट. ओल्या वडीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढून ती सावलीत सुकवली की रेघ आखडलेली दिसते. एका कडेने लवकर सुकलं तर वडी तडकते. मोठी मूर्ती शाडूत करणं का कठीण, हे त्या रेघेवरून कळतं.

इथे मात्र विज्ञानाचा तास नुसता विज्ञानाचा राहत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या मुलाच्या घरी या विषयावर रात्री जेवताना बोलणं बंद होतं. वर्गात 'प्लास्टर वाईट, शाडू चांगली' असं लिहून देणं सोपं होतं. आम्ही आकडे काढले. जिप्सम पाण्यात लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमच विरघळतं, म्हणजे एक किलोची मूर्ती पुरती विरघळायला चारशे लिटरच्या वर पाणी लागेल. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला आहे. त्या द्रावणात मूर्ती काही दिवसांत विरघळते आणि कॅल्शियम कार्बोनेट व अमोनियम सल्फेट मिळतं. दुसरं तर खतच. दहावीच्या मुलांनी समीकरण संतुलित करून काढलं की एक किलो मूर्तीला सुमारे ९२० ग्रॅम बायकार्बोनेट लागेल. आणि शाडूही विरघळत नाही, ती तळाशी गाळ होऊन बसते. मुंबईला ती गुजरातेतून आणावी लागते. दोन्ही बाजूंना खर्च आहे हे फळ्यावर मांडल्यावर त्या मुलाने पहिल्यांदा मान वर करून चर्चेत भाग घेतला.

मुलांकडे बघून शिकवणं बदलण्याचा एक धडा मला खूप आधी मिळाला होता. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला जाण्याआधी नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होतं, आमच्या गिरगावच्या शाळेच्या अगदी जवळ. तिथल्या वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या मराठी शाळांतल्या मुलांबरोबर काम करून दाखवलं होतं, की विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली तर हीच मुलं पुढे जातात. ते मी तेव्हा ऐकलं होतं आणि माझी भाषा सोपी केली. मुलं शाळेत येताना घरातलं कामही बरोबर आणतात, हे त्याला जोडून घ्यायला मला ही सगळी वर्षं लागली.

पण हाताने करणं म्हणजे आपोआप विज्ञान, असं मी मानत नाही. या बाबतीत माझं मत पूर्वीइतकंच कडक आहे. दादरच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात, ज्वालामुखीसकट. आई रात्री जागून रंगवते, मुलगा सकाळी घेऊन येतो आणि त्यावर गुण मिळतात. परंपरेचे प्रकल्पही याच वाटेने जाताना दिसतात. हळदीत सोडा टाकला, ती लाल झाली, म्हणून कुंकू वैज्ञानिक! आधी अंदाज नाही, मागून प्रश्न नाही. मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत प्रकल्पानंतर मुलाखत असते. तिथे मुलाला एकच उलटा प्रश्न विचारला की काम कुणी केलं ते बाहेर पडतं. शाळेच्या वहीला मुलाखत नसते.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे भारतीय ज्ञान प्रणाली अभ्यासक्रमात येते आहे, म्हणून माझ्या बदललेल्या मताकडे लोक संशयाने पाहतात. वारा फिरला तशी बाई फिरली, असं वाटणं साहजिक आहे. माझी अट मात्र त्या तक्तेवाल्यांना आवडणारी नाही. पाऊणकीचा नियम सांगणारे खलाशी, धाग्याचा जोर बोटांनी ओळखणारे साचेवाले, प्लास्टर कधी धरतं हे हाताच्या उबेवरून सांगणारे कारागीर हेही ज्ञानाच्या परंपरेतले आहेत, हे मान्य करावं लागेल. आणि ग्रंथातल्या वाक्याला जी कसोटी, तीच त्यांच्या वाक्याला आणि न्यूटनच्याही.

म्हणून शिक्षकांना माझी एकच व्यवहारातली सूचना आहे. प्रकल्पवहीत एक रकाना सक्तीचा करा: हे खोटं असतं तर मला काय दिसलं असतं? तो रकाना मूल भरू शकलं नाही तर विषय बदलायला सांगा, मग तो विषय पुष्पक विमानाचा असो की चुंबकाचा. आणि शेवटी 'नियम चुकीचा निघाला' असं लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. संक्रांतीची सावली मोजून तसं लिहिलेल्या एका वहीवर मी 'निष्कर्ष अयोग्य' हा लाल शाईतला शेरा पाहिला आहे. मोजणी बरोबर होती, निष्कर्षही बरोबर होता, आणि मुलीचे गुण कापले गेले होते. परंपरा वर्गात आणायला माझी आता ना नाही. पण त्या मुलीला पुरे गुण मिळणार नसतील, तर माझा जुना नियमच बरा होता.